पुण्यातल्या खोलीवरचे इंटरनेट : प्लॅन वाढवण्याआधी तार पाहा



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली शिक्षणासाठी पुण्याच्या पेठांत राहतात. तिथल्या जुन्या वाड्यांत अजून कुठे कुठे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच इंटरनेट येते. ते हळू चालते अशी तक्रार आली, की आपण जास्त पैशाचा प्लॅन घेऊन देतो. एका सभासदाने असे दोनदा केले. मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस, आणि पान काही उघडेना! पोराने रात्री मित्राच्या खोलीवर पळत जाऊन अर्ज भरला. थोडक्यात वर्ष वाचले. पुढे साखर संकुलातल्या कामासाठी आम्ही पुण्यास गेलो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात मुद्दाम जाऊन आलो.

तारेचा हिशेब आपल्या पाटपाण्यासारखाच आहे. खडकवासल्याचा कालवा हडपसरला कसा वाहतो आणि इंदापूरच्या टेलला काय पोचते, हे आपल्याला सांगायला नको. एक्स्चेंजमधून निघालेल्या सिग्नलचे तेच. बोलणे ४ किलोहर्ट्झच्या आत मावते, म्हणून लांबवरही फोन ठणठणीत लागतो. इंटरनेट त्याच तारेवर ११०० किलोहर्ट्झपर्यंत, नंतरच्या पद्धतीत २२०० पर्यंत पसरते, आणि ही वरची कंपने वाटेत लवकर विरतात. एक्स्चेंजशेजारी २४ मेगाबिटपर्यंत देणारी पद्धत पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिटवर येते. तिथे प्लॅन कितीही मोठा घ्या, पैसे वाया. अंतर काही कमी होत नाही; गळती मात्र बुजवता येते.

आणि त्या वाड्यात गळतीच गळती होती. तार माडीवर नेताना तीन ठिकाणी नुसता पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. एक जोड पन्हळीखाली, तांबे हिरवे पडलेले. खाली मालकांचा फोन त्याच लाइनवर, त्याला फिल्टर नाही. फोन उचलून एक आकडा दाबला आणि कान लावला, तर नुसती खरखर! हीच पहिली परीक्षा. तिला पैसा लागत नाही.

दुसरी परीक्षा अशी. बाकीचे सगळे फोन काढून ठेवायचे आणि घरात तार शिरते तिथल्या पहिल्या डबीला मॉडेम लावून बघायचे. माडीवर जेमतेम एक मेगाबिट मिळत होते, तिथे चार मिळाले. म्हणजे तीन मेगाबिट वाड्यातच मुरत होते. मॉडेमच्या पानावर ‘नॉइज मार्जिन’ नावाचा आकडा असतो. तो ६ डेसिबलच्या खाली गेला की लाइन वारंवार तुटते. माडीवर तो ४ होता, खाली ११ झाला. हे आकडे कागदावर लिहून तक्रारीसोबत दिले, की लाइनमनशी बोलणे सोपे जाते. नुसते “स्लो आहे हो” म्हटले, तर तो मॉडेम बंद-चालू करून निघून जातो.

मुलाने अखंड नवी तार ओढली, मालकांच्या फोनला फिल्टर बसवला. चौथ्या दिवशी लाइनमन आला. त्याने गल्लीतली डीपी उघडली (आपली विजेची नव्हे, टेलिफोनच्या जोडांची पेटी), तर आत पावसाचे पाणी. जोड नवे केले आणि माडीवर सहा मेगाबिट मिळू लागले. गल्लीत फायबर आली की ही तारच निघेल, असे तो म्हणाला. कधी, ते त्यालाही सांगता येईना.

सभासदाने वाढवलेला प्लॅन परत खाली आणला आहे.