तोल सांभाळून एक नेम!

मैत्रिणींनो, शेवटचं कधी खेळलात, आठवतंय का? मुलांना खेळवणं नव्हे, हळदीकुंकवातली संगीत खुर्चीही नव्हे. स्वतःसाठी, जिंकायचं म्हणून खेळणं! आमच्या महिला मंडळात हा प्रश्न विचारला, तर बहुतेकींचं उत्तर एकच, 'दहावीपर्यंत.' लंगडी, लगोरी, खो-खो सगळं शाळेच्या फाटकातच राहिलं. नंतर वेळ नाही, जागा नाही, आणि 'या वयात शोभतं का?' हे तर आहेच.

म्हणूनच आज एका वेगळ्या खेळाची ओळख करून देते. अमेरिकेत मिशिगनला धाकट्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा हा खेळ पाहिला आणि खेळलेही. नाव 'डिस्क गोल्फ'. गोल्फ म्हटलं की श्रीमंतांचा खेळ डोळ्यांसमोर येतो, पण इथे काठी नाही, चेंडू नाही. प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकायची आणि खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. तबकडी त्यांना आपटते, 'छन्न' आवाज होतो आणि ती खाली टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत जी सगळ्या टोपल्या पूर्ण करील, ती जिंकली.

या तबकडीचं मूळ चक्क बेकरीत आहे बरं का! ब्रिजपोर्ट गावच्या 'फ्रिस्बी' नावाच्या बेकरीच्या पायच्या रिकाम्या ताटल्या कॉलेजची मुलं एकमेकांकडे भिरकावत. आपण डब्याची झाकणं भिरकावायचो, तसंच. त्यावरूनच 'फ्रिस्बी' हे नाव रूढ झालं. पुढे एड हेड्रिक या गृहस्थांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिलं कायमचं मैदान आखलं आणि साखळ्यांची टोपलीही त्यांनीच तयार केली. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून तबकड्या बनवल्या गेल्या. खेळावरचं प्रेम म्हणतात ते हे!

मोठ्या मैदानावर एकेक टोपली शंभर मीटर किंवा त्याहूनही लांब असते. तिथे खांद्यात जोर हवा. पण मला आवडलं ते शेजारचं छोटं, सरावाचं मैदान. नऊ टोपल्या, कुठली पंधरा फुटांवर, कुठली तीस, एखादी झाडाआड. शेवटची जवळची फेक, ज्याला 'पट' म्हणतात, तेवढीच इथे खेळायची. अर्ध्या-पाऊण तासात डाव संपतो. दहा-पंधरा डॉलरची एक तबकडी पुरते, आणि तिकडची बहुतेक मैदानं सार्वजनिक बागांत, फुकट!

बहिणीच्या शेजारी लातूरकडच्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. वय साठीच्या पुढे. चार महिन्यांत स्वयंपाकघर आणि बाळाची खोली याखेरीज काही पाहिलं नव्हतं. गाडी येत नाही, भाषा येत नाही, मग जायचं कुठे? लेक-जावई कामावर गेले की बाळ आणि चार भिंती. एका रविवारी बाळाला लेकीकडे सोपवून आम्ही त्यांना मैदानावर नेलं. "अगं, लोक हसतील मला," असं म्हणत नऊवारीतच त्या उभ्या राहिल्या. पहिल्या चार फेकी गवतात. पाचवी साखळ्यांवर वाजली. त्यानंतर काकू हलायलाच तयार नाहीत! "थांब गं, अजून एक," हे त्यांचं पालुपद. पुढे रोज संध्याकाळी लेक घरी आली की त्या एकट्याच चालत मैदानावर जाऊ लागल्या. येणारे-जाणारे हात हलवायचे. बोलणं नाही झालं तरी ओळख झाली. लेक म्हणाली, "आईचं रोजचं 'परत कधी जायचं' बंद झालं."

खेळायला सोपं आहे. तबकडी अंगठा वर आणि बोटं खाली अशी धरायची. पाय घट्ट रोवायचे, नजर एकाच साखळीवर. हात पुढे नेत मनगटाने हलकासा झटका द्यायचा, भाकरी तव्यावर टाकताना देतो तसा. जोरापेक्षा नेम महत्त्वाचा. टोपलीपासून दहा मीटरच्या आत असाल तर एक नियम आहे. फेकल्यावर लगेच पुढे धावायचं नाही, आधी तोल सावरलेला दिसला पाहिजे. गुडघ्यांना आणि पाठीला झेपणारा हा व्यायाम. शिवाय जिची तबकडी टोपलीपासून सर्वांत लांब, तिने आधी फेकायचं. मागे पडलेलीला कोणी विसरत नाही.

आणि वयाचं म्हणाल, तर या खेळाच्या अधिकृत स्पर्धांत चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या पुढच्या बायकांचे वेगळे गट असतात. चाळिशीनंतर आपला गटच सुरू होतो म्हणा ना!

आपल्याकडे अशी मैदानं सहसा दिसत नाहीत, खरं आहे. पण साखळीची टोपली येण्याआधी तिकडेही लोक झाडं आणि खांबच नेमाला धरायचे. एक फ्रिस्बी, शाळेचं मोकळं मैदान, खडूची खूण केलेली पाच-सहा झाडं आणि चार मैत्रिणी, एवढं तर जमेल? परदेशी लेकीकडे निघाला असाल, तर घराजवळच्या बागेत टोपल्या आहेत का ते विचारून ठेवा. आणि कोणी हसलंच, तर त्याच्या हातात तबकडी द्या. पंधरा फुटांवरून टाकून दाखव म्हणावं!