जाग, अल्पकालिक
रात्रीच्या निद्रेत काही सेकंद ते एकदोन मिनिटे येणारी जाग. निद्रा एकसंध नसून प्रौढांत सु. ९० मिनिटांच्या चक्रांची असते. चक्राच्या अखेरीस ती उथळ होते व कूस बदलताना जाग येते. ती सकाळी बहुधा आठवत नाही. ‘सलग झोप’ हा पुष्कळसा विस्मृतीचाच परिणाम होय. उत्तररात्री गाढ निद्रा घटते, त्यामुळे जाग अधिक येते. वसईचे फूलबागायतदार पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारी माल नेतात. अशा वेळी गाडी चुकण्याच्या धास्तीने घड्याळ पाहिल्यास क्षणाची जाग लांबते. वयोमानानुसार जाग वाढणे स्वाभाविक आहे. मात्र मोठ्याने घोरणे, गुदमरून उठणे व दिवसा पेंग येणे ही निद्राश्वासरोधाची लक्षणे असू शकतात. त्यांकरिता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.