मुलीची पहिली पाळी: आधी धीर, मग माहिती

मक्केजवळच्या तनईमची मस्जिद आयेशा सौदीतल्या अनेक वाचकांना ओळखीची असेल. मक्केत राहणारे लोक उमऱ्याचा एहराम बांधायला तिथे जातात. या मशिदीच्या नावामागे मासिक पाळीची एक हकिगत आहे.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांच्या हजयात्रेत, मक्केच्या वाटेवर सरिफ इथे त्यांच्या पत्नी आयेशा यांना पाळी आली. आता यात्रा अर्धवट राहणार म्हणून त्या रडू लागल्या. हदीसमधल्या नोंदीनुसार त्यांना सांगण्यात आलं, की हे अल्लाहनेच स्त्रियांसाठी नेमून दिलेलं आहे. काब्याची प्रदक्षिणा तेवढी आत्ता करू नकोस, बाकी सगळे विधी कर. पुढे पाळी संपल्यावर भाऊ अब्दुर्रहमान त्यांना तनईमला घेऊन गेले आणि तिथून एहराम बांधून त्यांनी उमरा केला.

ही काही त्यांची पहिली पाळी नव्हती. पण उत्तराचा क्रम बघा: आधी धीर, मग माहिती. तुमचा धर्म कोणताही असो, घरातल्या मुलीशी बोलताना हाच क्रम उपयोगी पडतो.

आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणून विषय संपवला जायचा. मुलीला कळायचं एवढंच, की आई आज कोपऱ्यात बसली आहे. मग स्वतःच्या कपड्यांवर डाग दिसला, की आपल्याला लागलं की काय, आजार झाला की काय, अशी भीती वाटणारच. परदेशात तर आजी, मावशी, आत्याही हाताशी नसतात.

बोलायचं कधी? शरीर आधीच सूचना देतं. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. त्याआधी काही महिने पांढरा स्राव दिसू लागतो. बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते, पण नवव्या-दहाव्या वर्षीही येऊ शकते. म्हणून आठव्या-नवव्या वर्षापासून थोडं थोडं सांगत जा. एकाच दिवशी मोठं व्याख्यान नको.

सांगायचं काय? गर्भाशयात दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही, की ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. रक्त खूप वाटलं तरी एका पाळीत ते साधारण दोन-तीन मोठे चमचेच असतं. मेंदू आणि अंडाशय यांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षं दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचं अंतर असू शकतं.

आता एक छोटी पिशवी भरा: दोन-तीन पॅड, जादा अंतर्वस्त्र, एक प्लॅस्टिकची पिशवी. पॅड कसं लावायचं ते आधीच करून दाखवा; दर चार-सहा तासांनी बदलायचं हेही सांगा. शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं ते ठरवा. उमऱ्याला किंवा सुट्टीत भारतात जाताना ही पिशवी हातातल्या बॅगेतच ठेवा. बाबांनाही सगळं माहीत असू द्या. त्या दिवशी कदाचित तेच सोबत असतील.

पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि तो दिवस उजाडला, की पहिलं वाक्य तयार ठेवा: "घाबरू नकोस, तुझं काहीही चुकलेलं नाही." पॅड त्यानंतर.