कोकणची शिडाची गलबते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लमाणांचे तांडे कोकणातील मीठ बैलांवर लादून घाटमाथ्यापलीकडे नेत, म्हणून दख्खनच्या अंतर्भागाचाही किनाऱ्याशी संबंध होता. तरीही हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातील शिडाच्या व्यापारी जहाजांविषयी काही समजुती अद्याप रूढ आहेत.

गैरसमज : समुद्रबंदीमुळे मराठी माणूस दर्यावर्दी नव्हता.
वस्तुस्थिती : परदेशगमनाचा धार्मिक निषेध मुख्यतः उच्चवर्णीयांना जाचक होता. किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि दालदी समाजांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर राबत होती. जहाजाचा प्रमुख तो तांडेल, त्याच्या हाताखाली शीड, सुकाणू व नांगर सांभाळणारे ते खलाशी, आणि गलबताच्या मालकाला बहुधा नाखवा म्हणत.

गैरसमज : या जहाजांतून मसाले आणि रेशीम अशा मौल्यवान मालाचीच ने-आण होई.
वस्तुस्थिती : मचवा, पडाव, शिबाड आणि फत्तेमारी यांचा खरा आधार म्हणजे भात, मीठ, नारळ, काथ्या, जळाऊ लाकूड, इमारती सागवान व सुकी मासळी यांसारखा जड आणि स्वस्त माल होय, कारण घाटरस्त्यांवरून तो बैलांनी नेणे महाग पडे. धारवाडकडील कापूस कुमठा बंदरात उतरून समुद्रमार्गे मुंबईस जाई आणि बाजारात 'कुमठा' याच नावाने ओळखला जाई.

गैरसमज : ही जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर भरकटत जात.
वस्तुस्थिती : रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा यांचा मेळ घालून, तिरक्या परबाणावर (शीड बांधण्याच्या आडव्या लाकडावर) ताणलेले शीड वाऱ्याच्या रोखाप्रमाणे फिरवीत तांडेल मार्ग काढीत असे. पावसाळ्यात मात्र गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा पाण्यात लोटीत.

गैरसमज : आगबोटी आणि रेल्वे येताच शिडाचा व्यापार संपला.
वस्तुस्थिती : मुंबई-ठाणे रेल्वे 1853 मध्ये सुरू झाली असली, तरी कोकणच्या किनाऱ्यालगत पूर्ण लोहमार्ग 1998 मध्ये आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींनी प्रवासी वाहतूक बळकावली. परंतु अनेक बंदरांत त्या दूर खोल पाण्यात थांबत आणि उतारू व सामान किनाऱ्यापर्यंत आणण्यास पडावच लागत. शिवाय वाफेमुळे समुद्र निर्धोक झाला असेही नाही, कारण 1888 मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट वादळात शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. उथळ खाड्यांत शिरून थोडा माल थोड्या खर्चात उतरविण्याचे काम विसाव्या शतकातही शिडाच्या जहाजांकडेच राहिले.

तात्पर्य, शिडाचे गलबत हे यंत्रयुगात मागे पडलेले जुनाट साधन नव्हते, तर ज्या किनाऱ्याला रेल्वे नव्हती आणि ज्याच्या खाड्या उथळ होत्या, त्या किनाऱ्याच्या गरजेला साजेसे ते वाहतुकीचे साधन होते.