बंद संगणकातलं चालू घड्याळ

१९८१ च्या मूळ आयबीएम पीसीला वीज गेली की तारीख-वेळ दोन्हींचा विसर पडायचा. सुरू केला की डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम आधी तारीख विचारणार, मग वेळ. कंटाळून नुसतं एंटर दाबलं, की त्या दिवसाच्या सगळ्या फायलींवर १ जानेवारी १९८० चा शिक्का!

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप आली आणि तिला जागं ठेवणारी बॅटरी. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपनं देतो. हा आकडा १५ वेळा निम्मा करा, बरोबर १ उरतो: झाला एक सेकंद. चिपमधल्या ६४ बाइटपैकी १४ घड्याळाचे; उरलेल्या ५० मध्ये हार्ड डिस्क कोणती, मेमरी किती, असली माहिती. म्हणूनच बॅटरी संपली की तारीख तर चुकायचीच, वर हार्ड डिस्कही ‘सापडत नाही’ म्हणून मशीन अडून बसायचं.

गंमत म्हणजे डॉस हे घड्याळ सुरुवातीला एकदाच बघतो. पुढचा हिशेब सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देणाऱ्या वेगळ्याच टायमरवर. मध्यरात्र उलटल्याची नोंद म्हणून फक्त एक खूण. एखादा प्रोग्राम डॉसला काही न विचारता शनिवार-रविवार चालत राहिला आणि दोन मध्यरात्री उलटल्या, तर अनेक मशीनवर तारीख एकच दिवस पुढे सरकायची.

वर्षासाठी चिपमध्ये दोनच अंक होते. शतकाचा बाइट वेगळा, आणि तो बदलणं चिपचं काम नव्हे. १९९९ च्या डिसेंबरात जुन्या पीसींची तपासणी झाली ती यासाठीही.