शनीच्या कड्यांतला तास

शनी आकाशात असेल तेव्हा नवेगावबांधच्या तलावाकाठी लहान दुर्बिणीतूनही त्याची कडी दिसतात. या कड्यांत सुमारे ३२५ किलोमीटर रुंदीची एक फट आहे. तिचे नाव एन्के. ताजा तास दिसला की नांगर फिरल्याचे शेतकऱ्याला कळते. तसेच फटीच्या काठांवरील लाटांवरून, आत एखादा चंद्र फिरत असावा, असे खगोलशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ताडले. १९९० मध्ये मार्क शोवॉल्टर यांनी व्हॉयेजर यानाची १९८१ मधील छायाचित्रे पुन्हा तपासली आणि तो सापडला. हाच पॅन!

त्याचे रूप मार्च २०१७ मध्ये कॅसिनी यान सुमारे २४,५०० किलोमीटरवरून गेले तेव्हा अधिक स्पष्ट दिसले. जेमतेम २८ किलोमीटरचा हा चंद्र काठ दाबून मिटवलेल्या गोल करंजीसारखा दिसतो. कडी अतिशय पातळ असल्याने त्यांतले कण त्याच्या विषुववृत्तावरच साचले. गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने तो ढीग सपाट झाला नाही.

पॅन नऊ वर्षे जुन्या छायाचित्रांतच होता. कॅसिनीची साडेचार लाखांवर छायाचित्रे आज सर्वांसाठी खुली आहेत. गोंदियातला विद्यार्थीही ती तपासू शकतो.