आधी पाय, मग स्टिक

पहाटे ४.३०
जानेवारीत मिसिसागात या वेळी मिट्ट काळोख असतो. दारातला बर्फ फावड्याने बाजूला करायचा, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि गाडी काढायची. आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांना मी स्केटिंग शिकवते. कॅनडात याला पॉवर स्केटिंग म्हणतात. संध्याकाळी रिंक बराच वेळ सामन्यांना आणि संघांच्या सरावाला लागतं, म्हणून शाळेआधीची पहाटही माझ्या वाट्याला येते.

५.४५
झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र, शेवटची फेरी मारतंय. ते बर्फाचा वरचा थर खरवडून गरम पाणी पसरतं. गरमच, कारण त्याने जुने ओरखडे किंचित वितळतात आणि नवा थर घट्ट धरतो. हॉकीचा बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास आणि जेमतेम इंच-सव्वा इंच जाड असतो. भाडं तासाचं भरायचं, हातात मिळतात पन्नास मिनिटं. उरलेली दहा झांबोनीची.

६.००
तेरा वर्षांखालची मुलं. पकची, म्हणजे खेळायच्या रबरी चकत्यांची, बादली बेंचवरच राहते, त्यामुळे चेहरे पडतात. स्केटच्या पात्याला खालून खोबण असते, म्हणून प्रत्येक पात्याला दोन धारा: आतली आणि बाहेरची. आतल्या धारेवर सगळे आपसूक टेकतात. बाहेरच्या धारेवर झुकायचं म्हणजे पडायची तयारी, म्हणून मुलं ती टाळतात आणि पुढे वर्षानुवर्षं अर्ध्याच पात्यावर खेळतात. आज त्यांना एका पायावर, बाहेरच्या धारेवर वर्तुळ काढायचंय.

मग ढकल. गुडघा खोल वाकलेला, रेटा बाजूला, पाय पूर्ण सरळ होईपर्यंत आणि शेवटी अंगठ्याखालच्या पात्याचा झटका. त्यानंतर तो पाय परत अंगाखाली यायला हवा. निम्म्या मुलांचा तो बाहेरच टेकतो, त्यामुळे पुढची ढकल आखूड पडते. पाय भराभर हलताना दिसतात, पोरगं मात्र पुढे सरकत नाही.

वीस-पंचवीस फुटांची धाव, मग थांबा. दमलेल्या मुलाला नवी सवय लागत नाही. दमला की तो जुन्याच सवयीकडे वळतो. दमवणं म्हणजे शिकवणं नव्हे.

७.१०
एक वडील काचेपलीकडून विचारतात, “एवढे पैसे भरतो, तर शॉट का शिकवत नाही?” मी सांगते, शॉट गॅरेजमध्येही घोटता येतो. जाळी लावा, रोज पक मारा, चुकलं तर डोळ्यांना दिसतं. स्केटिंगमधली चूक मात्र खेळाडूला स्वतःला दिसत नाही, कारण तो पडत नाही, फक्त उशिरा पोहोचतो. कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. हॉकीतली शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण पंचेचाळीस. ज्याची प्रत्येक ढकल पूर्ण असते, त्याला तेवढंच अंतर कमी ढकलींत कापता येतं आणि शिफ्टच्या शेवटीही पायांत जोर शिल्लक राहतो.

१०.३०
दिवसा रिंक मोकळं असतं. प्रौढांच्या वर्गात एक पुण्याचे गृहस्थ येतात. मुलगी हॉकी खेळते, तिच्याबरोबर उतरता यावं म्हणून. “ताई, लहानपणी रोलर स्केटिंग केलंय मी, तोल आहे.” तोल खरोखरच आहे, अडतं ते थांबण्यावर. चाकांवर ते ब्रेकने किंवा मागचा पाय घासून थांबत. बर्फावर दोन्ही पाती आडवी वळवून बर्फ खरवडावा लागतो. पात्यावरचा भार क्षणभर हलका केल्याशिवाय ते वळत नाही. आज डावीकडे जमलं. उजवी बाजू बाकी आहे. ती बहुतेकांची बाकीच असते.

दुपारी १.००
डबा, आणि सकाळच्या वर्गाचं चित्रीकरण बघणं. मग पाती तपासते. खोबण खोल असली तर धार बर्फात जास्त रुतते, उथळ असली तर पातं जास्त घसरतं. हलक्या मुलाला थोडी खोल खोबण बरी पडते. बोथट धारेवर कुठलंही तंत्र शिकवणं व्यर्थ.

स्केटिंगचं हे शास्त्र हॉकीत आणण्यात फिगर स्केटिंगच्या बायकांचा मोठा हात आहे. लॉरा स्टॅम यांच्याकडे १९७० च्या दशकात एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधल्या न्यूयॉर्क आयलँडर्सचा बॉब निस्ट्रॉम स्केटिंग सुधारायला गेला. १९८० चा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा करंडक, ज्या गोलने आयलँडर्सकडे आला, तो जादा वेळेतला गोल त्याचाच. कॅनडाच्या बार्बरा अंडरहिल यांनी पॉल मार्टिनीसह १९८४ मध्ये ओटावात जोडी स्केटिंगचं जगज्जेतेपद मिळवलं आणि पुढे त्या एनएचएल संघांच्या स्केटिंग प्रशिक्षक झाल्या. लाखो डॉलर कमावणारे खेळाडूही त्यांच्यासमोर पुन्हा गुडघा वाकवायला शिकले.

४.३०
सहा-सात वर्षांची मुलं. आधी पडणं, मग एका गुडघ्यावर येऊन हात न टेकता उठणं. पडायची भीती गेली की बाहेरची धार आपोआप सापडते.

६.३०
सोळा-सतरा वर्षांचे बचावपटू. उलटं स्केटिंग, आणि वेग न सोडता उलट्याचं सुलट. इथे मी कॉनर मॅकडेव्हिडचे व्हिडिओ दाखवते. एनएचएलच्या ऑल-स्टार सोहळ्यातली वेगाची शर्यत त्याने २०१७ ते २०१९ सलग तीनदा जिंकली. मुलं त्याचे हात बघतात, मी पाय बघायला लावते. इतर खेळाडू सरळ रेषेत ढकलत असतात तिथेही तो क्रॉसओव्हर घेतो, पायावर पाय टाकत वेग वाढवतो आणि समोरच्याला मागे सरायला लावतो. हे बघून झाल्यावर मगच बादली उघडते. पक आला की निम्म्यांचे गुडघे सरळ होतात, म्हणून तीच ड्रिल पुन्हा, पकसह.

८.१५
गोलरक्षक. त्यांना स्केटिंग कशाला, असं प्रशिक्षकसुद्धा म्हणतात. पण पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला की एकाच ढकलीत पलीकडचा खांब गाठून वेळेत थांबावं लागतं. ते नाही जमलं तर हात कितीही चपळ असोत, उपयोग नाही.

९.३०
घरी. स्केट पुसून ठेवते. ओली पाती गंजतात. उद्याच्या वर्गाची यादी लावताना एका आईचा निरोप दिसतो: महागडी नवी स्टिक घ्यावी की स्केटिंगचे वर्ग? माझं उत्तर ठरलेलं आहे. पोरगं वर्षभरात वाढेल आणि स्टिक आखूड पडेल. बाहेरच्या धारेवर झुकायला शिकलेला पाय मात्र पुढच्या प्रत्येक संघात कामाला येईल. जुनी स्टिक असू द्या, पात्यांना धार लावून घ्या आणि उरलेले पैसे शिकवणीला घाला.